काच एकटी जात नाही

“अगं, तू पुढे कशी?” बाबांनी विचारलं, आणि पिकअपचं दार ओढून घेता घेता तिचा हात कडीवरच राहिला.

विचारणं साधंच होतं. रागाचं नव्हतं, भ्रमिष्टाचंही नव्हतं. भाजीत मीठ दोनदा पडावं आणि कुणी म्हणावं, अगं हे काय, तसं. पण लेकीला हाक मारताना बाबांचा आवाज वरून खाली येई, उतारावरून गोटी सोडल्यासारखा. ही हाक खालून वर आली होती, जराशी दबत, जराशी लाजत. आणि बघता बघता त्यांचे डोळे तिच्या खांद्यावरून मागे, रिकाम्या हौद्याकडे गेले होते. “आणि पोर कुठाय?” ते म्हणाले. “पोरीला कुठे ठेवलंस?” समोर नवं मीटर मंद पिवळं उजळलं होतं. सकाळीच बसवलेलं. पेट्रोलचा काटा थरथरत उठून अर्ध्यावर टेकला होता आणि वरच्या चिंचोळ्या खिडकीत कुठल्याशा परक्या गाडीचे किलोमीटर पांढऱ्या आकड्यांत ओळीने बसले होते, चुकीच्या घरात येऊन बसलेल्या पाहुण्यांसारखे. बाबांनी आधी चष्मा नाकावर सरकवून तो आकडा वाचला होता. ओठ हलवत, एकेक घर मोजल्यासारखा. मग तिच्याकडे वळून त्यांनी हे विचारलं होतं. दुपार कलली होती, शेडच्या पत्र्यातल्या भोकांतून उन्हाचे कवडसे बॉनेटवर पडले होते, आणि तिला एकाएकी वाटलं की आपण या सीटवर बसलोय खरं, पण ही सीट भरलेली नाही.

घरात बाबा तिला ओळखत नसत. त्याची तिला सवय झाली होती, म्हणजे चपलेतल्या खड्याची होते तेवढी. घरात ते तिला अहोजाहो करत. तिने ताट पुढे ठेवलं की “कशाला उगाच त्रास घेतलात” म्हणत. अंगावर पांघरूण घातलं की संकोचत. एकदा तर तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “मालकीणबाई, आमची लेक आम्हाला न्यायला येणार होती. निरोप आला तर सांगाल ना?” सांगेन, असं तीही म्हणाली होती आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली होती. पण दुपारी ती कामावरून परतली, त्यांचा हात धरून मागच्या शेडमध्ये घेऊन गेली, की गोष्ट पालटे. तिथे पिकअप उभी होती. गोल नाकाची, निळा रंग उडून राखाडी झालेली, टायर बसले म्हणून चारी बाजूंनी विटांवर चढवलेली. जिना चढताना धापा टाकणारे बाबा तिथे पायरीवर पाय देऊन एका दमात चढत. स्टिअरिंगवर हात ठेवत. इंजिन केव्हाच झोपलं होतं, पण बॅटरी तिने जागती ठेवली होती. किल्ली फिरवली की काटे उठत, तांबडा दिवा लागे. मग बाबा म्हणत, “चल खारू, निघू.”

खारू म्हणजे ती. लहानपणी गालात शेंगदाणे भरून ते घरापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत पुरवायची, म्हणून खारूताई, खारूताईची खारू. अख्ख्या जगात ती खारू आता या एका सीटवर उरली होती, फाटक्या रेक्झिनमधून काथ्या डोकावणाऱ्या, दिवसाकाठी तासभर. बाहेर ती केसांत पांढरं उतरलेली बाई होती, दातांच्या कवळ्या करणारी. तिच्या टेबलावर तोंडं असत, माणसं नसत. गुलाबी मेणात रुतलेले हिरड्यांचे ठसे, प्लॅस्टरचे जबडे, आणि त्यांत बारीक हत्याराने एकेक दात बसवत ती कधीही न पाहिलेल्या माणसांचं हसू तयार करी. मालक म्हणे, “तुम्ही दात लावले की माणूस पूर्वीसारखं बोलायला लागतं.” ते ऐकून तिला बाबा आठवत. बाबांचं पूर्वीसारखं बोलणं शेडमध्ये होई. बाबा काचवाले. खिडक्यांची, दुकानांच्या दर्शनी बाजूंची मोठाली काच कापून दारोदार पोचवायची हा जन्मभराचा धंदा. त्या उभ्या गाडीतून ते सगळे रस्ते पुन्हा धरत. “आता चढ. पाण्याच्या टाकीपाशी वळायचंय, खारू, घट्ट धर.” ती घट्ट धरी. “बाबा, हळू, कुत्रं!” ती ओरडे, आणि ते ब्रेकवर पाय देऊन हसत, “वाचलं बेटं. तुझ्या नशिबाचं खातंय.” फक्त निघायच्या आधी ते एक क्षण मान तिरकी करून थांबत, कान मागे लावून. इंजिनाचा आवाज घेण्याची ही ड्रायव्हरची खोड असेल, असं तिला वाटे. इंजिन तर झोपलेलं. तरी खोड जात नाही, असं मनाशी म्हणून ती “चला” म्हणे, आणि ते निघत.

मग एका दुपारी किल्ली फिरवली आणि मीटरच्या मागून धुराची एक बारीक वेल वर आली. पावसाळ्यात पत्र्यातून गळलेलं पाणी वायरींत शिरलं होतं. ती धावत जाऊन बॅटरी सोडवून आली, पण काटे पडले ते पडलेच. काचेच्या आत काजळी धरली. बाबा तशा आंधळ्या मीटरकडे बघत बसले आणि हात मांडीवर घेऊन म्हणाले, “खारू, गाडी गेली गं.” दुसऱ्या दिवशी ते शेडकडे यायलाच तयार झाले नाहीत. “आपण अनोळखी, तुमच्या मागच्या दारी कशाला?” म्हणाले. म्हणून तिने काटेवाल्याला गाठलं. काटेवाला म्हणजे जुन्या गाड्यांची मीटरं दुरुस्त करणारा एक बुटका, बोलका माणूस. त्याने भंगारातल्या तशाच एका गाडीतून अख्खं मीटर काढून आणलं, फडक्यात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून. “तीच जात, तेच साल,” तो म्हणाला. “जुळा भाऊच समजा.”

ती शेजारी कंदील धरल्यासारखी विजेरी धरून उभी राहिली. त्याने डॅशबोर्डची चौकट सैल केली, जुनं मीटर दोन्ही हातांनी हलवत पुढे ओढलं, आणि मागे हात घालून एकेक वायर सोडवताना तिला वेगळ्या रंगाचा दोरा बांधत गेला, म्हणजे परत लावताना चूक नको. दाताच्या कामासारखंच काम होतं. अंधारात बोटांनी बघायचं. एकदम तो थांबला. “ही केबल बघा,” तो म्हणाला. “चाकाकडून येते ना, आकडा फिरवणारी. तुम्ही म्हणालात, आकडा कैक वर्षं बंद आहे. मला वाटलं तुटली असेल. तुटलेली नाही हो. कुणीतरी सोडवून ठेवलीय. आणि टोकाला काय बांधलंय बघा.” त्याने ते बाहेर ओढलं. केबलच्या टोकाला एक चिंधी गुंडाळून गाठ मारलेली होती, जखमी बोटाला बांधतात तशी; बारीक फुलांच्या कापडाची, तेलाने काळवंडलेली. “धूळ जाऊ नये म्हणून असेल,” ती म्हणाली. “असेल,” तो म्हणाला, पण चिंधी त्याने फेकली नाही, तिच्या हातावर ठेवली. केबल नव्या मीटरला घट्ट बसवली. मग स्क्रू दातात धरून म्हणाला, “आकडा जुळवून देऊ का?”

“म्हणजे?”

“मीटर बदललं की जुन्या गाडीचा आकडा नव्यावर फिरवून ठेवायचा, अशी आमच्यात रीत आहे. नाहीतर गाडीचं वय चुकतं. हा आकडा तुमच्याहून बराच मागचा आहे. त्या गाडीनं बिचारीनं फार बघितलेलं दिसत नाही.”

“राहू द्या हो,” ती म्हणाली. तिला कामावर जायचं होतं, उशीर झाला होता. “विटांवरच्या गाडीला कसलं वय? चुकलं तर चुकलं. जमलं तर माझंही चुकवा.”

“तुमचं कशाला, बाई? तुम्ही अजून पुढच्या सीटवरच्या दिसता,” असं म्हणून तो हसला होता आणि चौकट लावून टाकली होती. सकाळचं ते हसणं आता दुपारी तिच्या मानेवरून थंड बोटासारखं फिरलं.

त्या दुपारी बाबा निघालेच नाहीत. “बाबा, मी खारू,” ती म्हणाली. “मीच.” ते हसले. “थट्टा पुरे हं. पोर एवढीशी आहे आपली.” त्यांनी सीटपासून हातभर उंची दाखवली. मग तिच्याकडे निरखून बघत, आवाज उतरवून म्हणाले, “दमलीस गं फार. केस पांढरे दिसतायत उन्हात. तुला म्हटलं होतं, डोक्यावरून घेत जा, मागे धुरळा फार.” मागे? मागे म्हणजे कुठे? आईला जाऊन इतकी वर्षं झाली होती की आईचं काहीच तिच्याजवळ उरलं नव्हतं. चेहरा नाही, आवाज नाही, एक फोटो नाही. आई म्हणजे घरातली एक रिकामी खुंटी, जिच्यावर कुणी काही अडकवत नाही. बाबांनी कधी आईचं नाव काढलं नव्हतं. आणि आता ते तिच्या पदराच्या, म्हणजे नसलेल्या पदराच्या कडेकडे बघत एक ओळ गुणगुणत होते, जुन्या दळणाच्या चालीवर, जशी एखादी गोष्ट फार दिवसांनी हाताला लागावी आणि ती अजून ऊन असावी:

काचेला बाई माझ्या ऊन घालितं नजर,
पुढं गं माझं बाळ, मागं मी त्याचा पदर.

“हे कुणाचं?” तिने विचारलं. “कुणाचं काय? तुझंच की,” बाबा म्हणाले. “दिवसभर मागे बसून तेच तर म्हणतेस. मला काय, कान आहेत.”

संध्याकाळी तिने आत्याला फोन लावला. आत्या ऐकायला कमी आणि बोलायला जास्त; आधी तिने सर्दी, मग सून, मग सुनेची सर्दी सांगून घेतली. ती मध्येच म्हणाली, “आत्या, बाबांच्या गाडीत मागे कोण बसायचं?”

“मागे? तुझी आई! आणखी कोण? अगं, काच एकटी जात नाही. पाठीला कुणीतरी हात लावून बसावं लागतं, नाहीतर खड्ड्यागणिक चिरते. गडी ठेवायची ऐपत नव्हती तुझ्या बापाची, मग बायको बसवली. ती बसली की केबिनच्या पत्र्यावर दोनदा टकटक करायची. टक टक. मग तुझा बाप निघणार. आधी नाही. वाघ मागे लागला तरी नाही.”

“मग मला कशी आठवत नाही ती?”

“तू पुढे बसायचीस ना, राणी सरकार! गालात शेंगदाणे भरून. आणि तुला मागे बघायची बंदी. काचेवर ऊन पडायचं, डोळे दिपतील म्हणून. तू पण शहाणी, बघू नको म्हटलं की बघायची नाहीस. आमच्या कार्ट्यांना सांगून बघा असं काही.”

“ती दिसायची कशी, आत्या?”

“आरशात बघ,” आत्या म्हणाली, आणि मग बोलता बोलता अडखळणं जिला माहीत नव्हतं ती आत्या अडखळली. “त्या दिवशी सुद्धा तिला मागेच निजवली होती. गादी घालून, काचेच्या जागी. अंगात ताप असा की हात लावला तर भाजेल. तू पुढे. तुला कुठे ठेवणार? आणि तुझा बाप गाडी काढीना! किल्ली फिरवलेली, काटे उठलेले, आणि हा मान वाकडी करून बसलाय. मी ओरडले, अरे निघ ना मेल्या! म्हणाला, टकटक आली नाही अजून. म्हटलं, अरे ती कशी करेल आता टकटक? तेव्हा निघाला. दवाखान्यात पोचेपर्यंत...” तिकडे आत्याने नाक ओढलं. “त्यानंतर त्यानं त्या मीटरचं काहीतरी केलं. म्हणाला, पुढचं मोजायचं नाही.”

चिंधी तिने उशीखाली ठेवली होती. ती काढून तिने नाकाशी धरली. तेलाचा वास आला, फक्त तेलाचा. पण फुलं बारीक होती आणि कोपऱ्यात एक टाका घातलेला होता, उलटा, डावखुऱ्या हाताचा. ती स्वतः डावखुरी होती. आता तिला कळत होतं की सोडलेल्या केबलचा जुना आकडा म्हणजे आकडा नव्हता, तो दिवस होता. बाबा इतकी वर्षं त्या एका दिवशी उभे राहून गाडी चालवत आले होते. त्या दिवशी आई नव्हती आणि खारू होती. म्हणून त्या मीटरसमोर तीच खारू, केस पांढरे झाले तरी, मोठी झाली तरी. आणि या नव्या मीटरचा आकडा त्या दिवसाच्या खूप मागचा. ड्रायव्हर माणूस, त्याला तारीख विचारली तर सांगता यायची नाही, किलोमीटर विचारा. त्याने चष्मा लावून वाचलं, आणि त्याला कळलं की आपण कुठे आहोत. तिथे बायको जिवंत आहे, मागे बसलेली असते. पोर लहान आहे, पुढे बसलेली असते. आणि आज काहीतरी विपरीत झालंय: बायको पुढे येऊन बसलीय, आणि पोर कुठेच नाही.

पुढचे सगळे दिवस असेच गेले. घरात मालकीणबाई, शेडमध्ये ‘अगं’. बाबा किल्ली फिरवत आणि मान तिरकी करून बसून राहत. कवडसे बॉनेटवरून सरकून जमिनीवर उतरत. “पोर रडत असेल कुठेतरी,” ते म्हणत, आणि त्यांच्या हाताची बोटं स्टिअरिंगवर एकमेकांना शोधत. “शेजारी ठेवलीस का? तिला शेंगदाणे दिलेस का? तिला एकटीला अंधाराची भीती वाटते.” ती म्हणे, “आहे हो, येईल.” पण मध्येच, भीती उतरली की, ते तिला आईचं काही ना काही देत. की तिला दह्यावरची साय चोरून खायची सवय. की ती हसताना तोंडावर हात घेते कारण पुढचा एक दात किंचित आडवा आहे. “आडवा कुठे?” तिने विचारलं. त्यांनी बोट दाखवलं, तिच्या ओठाजवळ नेऊन थांबवलं. दुसऱ्या दिवशी कामावर तिने मेणात एक दात तसा, किंचित आडवा बसवून पाहिला, आणि कितीतरी वेळ त्या प्लॅस्टरच्या जबड्याकडे बघत राहिली. तो हसत होता. मालक मागून म्हणाला, “वाकडा लागलाय.” तिने मान हलवली. काढला मात्र नाही लगेच.

आणि आकडा हलत होता. आधी तिला वाटलं डोळ्यांचा खेळ. शेवटचं चाक, दोन आकड्यांच्या मध्ये अर्धवट उभं असलेलं, दुसऱ्या दिवशी पुरतं वर आलेलं. मग त्याच्या पुढचं. तिने काटेवाल्याला बोलावलं. “चाक फिरल्याशिवाय आकडा फिरत नाही, बाई,” तो दारातूनच म्हणाला. “तुम्ही ढकलली असेल गाडी जराशी.” मग त्याने वाकून बघितलं. विटा होत्या. विटांवर कोळ्यांची जाळी होती, न तुटलेली. चाकं हवेत होती. तो गुडघ्यावरून उठला आणि हात पुसायला विसरला. “जुळवूनच टाका आकडा,” तो हळू म्हणाला. “मी बसवतानाच म्हटलं होतं. अवघड नाही. वरची काच काढायची, प्रत्येक चाकाला मागे एक बारीक कान असतो, तो उचलायचा आणि चाक फिरवायचं. बारीक हत्यार लागतं फक्त.” हत्यार तिच्याकडे होतं. तुम्हीच करून द्या ना, असं ती म्हणणार होती, पण तो अंगणाच्या कडेला पोचला होता. तिने चहा टाकला होता. तो गाळायच्या आत फाटक वाजलं.

रविवारची दुपार होती. बाबांना आत झोप लागली होती. ती दातांच्या हत्यारांची पिशवी घेऊन एकटीच शेडमध्ये गेली, मीटरची काच उतरवली, आणि वाकडं टोक असलेलं हत्यार त्या चिंचोळ्या खिडकीत घातलं. जुना आकडा तिला पाठ होता, घराच्या पत्त्यासारखा. पाचसहा चाकं, एकेकाला दोन टिचक्या, की संपलं. बाबा येतील, चष्मा लावतील, वाचतील, आणि म्हणतील, चल खारू. तिला ते ऐकायचं होतं. पोटात भूक उठते तसं ते उठलं. तिने पहिला कान उचलला. चाक सैल झालं, बोटाखाली जिवंत दाणा हलावा तसं हललं. आणि तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, “नको.”

बाबा शेडच्या दारात उभे होते, एका पायात चप्पल. हात न धरता, एकटे, अंगण ओलांडून आले होते. “तो हलवू नकोस गं,” ते म्हणाले. धमकी नव्हती, विनवणी होती. “अजून पुष्कळ वाट आहे ना आपल्याला. बघ तरी. अजून पुष्कळ आहे.” ते बघत होते आकड्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिचा हात खाली आला. त्यांना माहीत होतं. कुठेतरी, सगळ्या विसरण्याच्या तळाशी, त्या पुढच्या आकड्यावर काय आहे ते त्यांना नीट माहीत होतं. तो आकडा फिरवायचा म्हणजे तापलेल्या बाईला पुन्हा गादीवर निजवायचं आणि टकटकीविना निघायचं. आणि ते करायचं कशासाठी, तर तिला खारू म्हणावं म्हणून. कान आपोआप बसला. टिक. तिने काच पुसून परत लावली.

“पोर सापडली का?” बाबांनी चढून बसून किल्ली फिरवता फिरवता विचारलं. “मी सगळीकडे बघितलं. कपाटात सुद्धा बघितलं. अगं, आपली पोर हरवली.” आणि तो म्हातारा माणूस, काचेसारखा, आवाज न करता रडायला लागला.

ती उतरली. आपण काय करतोय हे तिला ठाऊक नव्हतं. पाय ठाऊक असल्यासारखे गाडीच्या मागे गेले. हौद्याची फळी खाली पाडली, गुडघा टेकून ती वर चढली. पत्रा गार होता, थंडीचे दिवस. केबिनला पाठ लावून बसायचं, की तोंड करून? अंगानेच सांगितलं: तोंड पुढे, एक हात बाजूला पसरलेला, हवेतल्या हवेत नसलेल्या काचेच्या पाठीला लावलेला. मधल्या लहानशा खिडकीतून तिला बाबांची मान दिसत होती, विरळ केस, चष्म्याची काडी. त्यांच्या शेजारी सीटची रिकामी पाठ. त्यांच्या पलीकडे मीटरचा पिवळा उजेड. इथून सगळं किती लहान दिसतं, तिला वाटलं. किती जवळ, आणि मध्ये काच. इथे बसून ती बाई रोज धुरळा खात आपल्या लेकीची पाठमोरी वेणी बघत गेली असेल, सगळ्या खड्ड्यांतून, सगळ्या चढांतून. तिने डावा हात वर उचलला आणि पत्र्यावर बोटाच्या पेरांनी दोनदा वाजवलं.

टक टक.

बाबांची मान तिरकी होती ती सरळ झाली. खांदे खाली आले. त्यांनी बाहीने नाक पुसलं, आणि मग ते शेजारच्या सीटकडे वळले. असे हसले, की तसं हसू तिने आयुष्यात एकदाच, फार खालून, फार मोठं बघितलेलं होतं. “ऐकलंस?” ते म्हणाले. “आई बसली. चल खारू, निघू.”

तिच्या तोंडात ‘ओ’ आला. इतक्या दिवसांचा साठलेला, गालात धरून ठेवलेला. पण तो ओठांवर येण्याआधीच बाबांनी मान डोलावली, उत्तर मिळाल्यासारखी. मग कुणाचं तरी लांबलचक बोलणं ऐकावं तसं ते मध्येच “हो का?” म्हणाले, मध्येच “बरं बरं” म्हणाले, आणि एक हात स्टिअरिंगवरून काढून त्यांनी सीटवर, हातभर उंचीवर, हवेत अलगद फिरवला. हात तिथे थोडा गोल झाला, डोक्यावरून फिरताना होतो तसा. आकडा हलला. तिने स्वच्छ पाहिलं, शेवटचं चाक हळूच वर सरकलं. कवडसे बॉनेटवर थरथरत होते की गाडी, कळेना. विटा, कोळ्याची जाळी, शेडचं दार, सगळं जागच्या जागी होतं, आणि तिच्या पसरलेल्या तळव्याला एक गार, गुळगुळीत, जड अशी पाठ लागली होती. तिने ती सोडली नाही. सोडली असती तर चिरली असती. ओठांतून तिच्या नकळत ती ओळ निघत होती, पुढं गं माझं बाळ, आणि डोळे मात्र त्या रिकाम्या सीटच्या पाठीवर खिळलेले होते.

“अंहं,” पुढे बाबा म्हणाले, “मागे बघू नकोस हं. डोळे दिपतील.”

बघ, ती म्हणाली. काचेला तोंड लावून म्हणाली. शहाणी असू नकोस, खारू, एकदा मागे बघ. एकदाच.

बाबा समोर बघत होते, रस्त्यावर. त्यांचा श्वास पुढच्या काचेकडे जात होता. पण मधल्या लहान खिडकीवर, आतल्या बाजूने, अगदी खाली, जिथे सीटवर गुडघे टेकून उभ्या राहिलेल्या लहान पोरीचं तोंड येईल तिथे, वाफेचा एक गोल ठिपका हळूहळू उमटत होता.